भिंतीकडे तोंड करून ओळखलेल्या तीन गिटारी

गिटारींच्या त्या दुकानाचा पडदा वर जातो तेव्हा आधी दिसतं लांबलचक टेबल. त्यावर रंधा, शिकंजे, सरसाचं भांडं. मागच्या भिंतीवर मानेनं टांगलेल्या तीन बेस गिटारी. आणि टेबलाशी चौथी गिटार मांडीवर घेऊन, तिच्या कडेला जबडा टेकवून, डोळे मिटून बसलेला मिस्त्री. चाळीस वर्षं रंगमंचावर काढली मी, पण नुसत्या बसण्यात एवढा रुबाब थोड्यांनाच जमलेला पाहिला.

आमच्या वाद्यवृंदाच्या गिटारी तोच बनवायचा. भिंतीवरच्या तिघींची ओळख करून देताना त्याला चेव यायचा. "ही पूर्ण पोकळ. हिच्या पोटात काही राहत नाही. गोल, भरदार बोलते, पण स्टेजवर आवाज वाढवलात की केकाटायला लागते. ही अर्धपोकळ. मधोमध लाकडाचा ठोकळा, दोन्ही अंगांना पोकळी. बोलते मोकळं, पण जिभेला लगाम आहे. आणि ही बाई कप्प्यांची, आतल्या गाठीची! वरून भरीव दिसते, आत चार खिसे कोरलेत. खांद्याला हलकी लागते, सूर जरासा खुलतो, बाकी थांगपत्ता लागू देत नाही."

तयार झालेली प्रत्येक गिटार त्याच्या 'हं'शिवाय दुकानाबाहेर पडत नसे. तेवढा एकच मान त्यानं आयुष्यात कमावला होता. पण ऐकू कमी येत चाललं होतं. कानानं सुटलेलं तो जबड्याच्या हाडानं ऐकायचा.

दुकानाचा व्यवहार बघणाऱ्या त्याच्या धाकट्या भावाला ते बघवेना. एके दिवशी आमचा बेसवाला आणि मी दुकानात बसलो होतो, आणखी चार गिऱ्हाइकं होती. धाकटा मोठ्यानं म्हणाला, "दादा, लोकांसमोर गिटार चावतोस काय?"

"चावत नाही रे. ऐकतोय."

"मग कानानं ऐक की! बस तिकडे, भिंतीकडे तोंड करून. हे तीनदा वाजवतील. ओळखलंस तर तपासणी मरेपर्यंत तुझी. चुकलास तर उद्यापासून खोकी बांधायची."

पॉलिश करणारी मिस्त्रीची मुलगी म्हणाली, "काका, कशाला उगाच?"

"थांब गं," मिस्त्री हसला. "माझ्या पोरी मला ओळखू येणार नाहीत?"

तो वळून बसला, हात मांडीवर. धाकट्यानं अर्धपोकळ गिटार बेसवाल्याच्या हाती दिली आणि आम्हा सगळ्यांकडे बघत ओठांवर बोट ठेवलं.

बेसवाल्यानं चार सूर छेडले. मिस्त्रीनं मान तिरकी केली. "पोकळ."

"वा!" धाकटा म्हणाला. भिंतीवरची दुसरी गिटार उगाच काढून खडखडवत परत खुंटीला अडकवली आणि खूण केली. बेसवाल्यानं तीच अर्धपोकळ पुन्हा वाजवली.

मिस्त्रीनं मान आधी या बाजूला, मग त्या बाजूला कलती केली. मानेवर घाम दिसत होता. "अर्धपोकळ."

पुन्हा खडखडाट, पुन्हा तीच गिटार, तेच चार सूर. या खेपेला त्यानं विचारही केला नाही. उरली होती एकच. "कप्प्यांची! नक्की. काय रे, आता कोण खोकी बांधतं?" आणि तो ऐटीत वळला.

बेसवाल्याच्या मांडीवर अर्धपोकळ. बाकीच्या दोघी भिंतीवर.

"तिन्ही वेळा हीच होती, दादा," धाकटा म्हणाला.

दुकानात हशा फुटला. गिऱ्हाइकं टेबलावर हात आपटून हसली. मुलगीही हसली, तिला आवरलंच नाही. मग हातातला पॉलिशचा बोळा तोंडावर दाबून आत पळाली. मिस्त्रीचं तोंड तसंच उघडं होतं, बक्षिसाची वाट बघणाऱ्या मुलासारखं.

दुसऱ्या दिवशी मी आमची दुरुस्त झालेली गिटार न्यायला गेलो. दाराजवळच्या टेबलावर तो ती खोक्यात बसवत होता. मला राहवलं नाही. त्याच्या कानाशी वाकून म्हणालो, "मिस्त्री, मनाला लावून घेऊ नका. तुमच्या जागी मी असतो तरी फसलो असतो."

त्यानं दोरीची गाठ मारली, ओढून पाहिली, खोकं माझ्याकडे सरकवलं.

"तुम्ही तर समोरच बसला होतात. तुम्हाला दिसत होतं ना?"