हिरव्या दिव्याला उशीर

मनमोहन धुरंधर कुणावर चटकन विश्वास ठेवत नसत. गिरगावच्या घरातून निघताना गॅस तीनदा तपासत. माझगावच्या वर्कशॉपात छोट्या विमानांच्या चाकांचे हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्तीला येत. तिथे याच स्वभावामुळे तीस वर्षं त्यांच्या सहीला मान होता.

मार्चमध्ये एका फ्लाइंग क्लबचा सिलिंडर परत आला. उतरताना चाक खाली येऊन पक्कं बसलं की हिरवा दिवा लागतो; दोन चाकांचे वेळेवर लागत, उजव्या चाकाचा सहा-सात सेकंद मागाहून. तो सिलिंडर तीन महिन्यांपूर्वी मनमोहननीच नवी सील घालून जोडला होता.

"पंप थकला असेल, काका," वर्कशॉपचा मालक अनिमेष म्हणाला.

मनमोहनना ते पटेना. पंप एकच, तोच तिन्ही सिलिंडरांत तेल दाबतो, त्या दाबाने दट्ट्या सरकतो आणि चाक वरखाली होतं. पंप थकला तर तिन्ही चाकं रेंगाळायला हवीत.

त्यांनी सिलिंडर उघडला. दट्ट्या हाताने रेटूनही अडत होता. त्यावरची रबरी सील फुगली होती. पंप बंद पडला तर चाक स्वतःच्या वजनाने खाली यायला हवं. हे आलं नसतं.

या सिलिंडरांत लाल रंगाचं हायड्रॉलिक तेल असतं, आणि त्यात न चालणारं रबर असं फुगतं. पण सीलच्या पाकिटावरचा नंबर तर बरोबर होता. मग आतला माल कुणी बदलला? त्यांचा संशय स्टोअर सांभाळणाऱ्या मालनताईंवर गेला. मनमोहननी झडतीसाठी त्यांना सीलचं कपाट उघडायला लावलं. मालनताईंनी किल्ली टेबलावर ठेवली.

"वीस वर्षांत असं कुणी केलं नव्हतं," एवढंच त्या म्हणाल्या.

मनमोहननी पाच बंद पाकिटं फोडून त्यातल्या सील लाल तेलात बुडवल्या आणि रोज सकाळी मापल्या. तिसऱ्या दिवशी पाचही फुगलेल्या निघाल्या. खोट पुरवठादाराच्या मालात होती.

अनिमेषचं म्हणणं पडलं की या सील गेलेली विमानं सर्व्हिसिंगला आली की त्या गुपचूप बदलू.

"ती आजही उडतायत," मनमोहन म्हणाले. "सही माझी आहे. फोन तू करतोस की मी करू?"

अनिमेषने त्या विमानवाल्यांना फोन केले. चार विमानं जमिनीवर थांबली. त्यांतल्या दोन विमानांत सील फुगलेल्या सापडल्या.

मनमोहन स्टोअरमध्ये गेले, चूक झाली म्हणाले. मालनताईंनी मान डोलावली. पण त्या दिवसापासून, एक सील द्यायची असली तरी, त्या वही पुढे करून आधी त्यांची सही घेऊ लागल्या.