वहिनी उत्तर देते

आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे आहे. वहिनी कमी बोलते. पण कुणी काही विचारलं आणि त्याला उत्तर मिळालं नाही, की तिला चैन पडत नाही. रस्त्यात एखादा माणूस तिसऱ्याच कुणाला पत्ता विचारत असला, तरी ही थांबणार. मी म्हणते, "अगं, तुला विचारलंय का?" ती म्हणते, "विचारलंय ना. कुणाला का असेना." या एका खोडीने तिला नोकरी मिळवून दिली. ते कसं, ते मीच सांगते, कारण ती सांगायला बसली तर दोन वाक्यांत आटपेल.

वहिनी एका शाळेत ग्रंथपाल होती. शाळेला संगणकासाठी खोली हवी होती, तेव्हा ग्रंथालयाची खोली घेतली, पुस्तकं खोक्यांत भरली आणि वहिनीला भिंतीवरचं घड्याळ देऊन निरोप दिला. ते घड्याळ अजून चालतं मेलं, वेळही बरोबर दाखवतं.

माझ्या दादाचं फरशांचं दुकान आहे. तो म्हणाला, घरी बसून काय करणार, चल दुकानात. ती गेली. आणि गेली ती गेली, तिथल्या नमुन्याच्या फरशांना नंबर लावून, रंगवार मांडून मोकळी झाली. पूर्वी एक राखाडी फरशी काढायची तर दोन माणसं लागायची आणि भरपूर शिव्या लागायच्या. आता गिऱ्हाईक आलं की वहिनी उठते आणि नेमकी तीच काढून समोर ठेवते. धंदा वाढला. म्हणजे बघा, आपल्याच हाताने आपल्या पायात बेडी. दादाने दुसरं दुकान घ्यायचं ठरवलं आणि म्हणाला, "नवं दुकान तूच सांभाळायचं."

दादा वाईट नाही हो. त्याला खरंच वाटत होतं की तो बायकोला राणी करतोय. वहिनीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दुकान उघडेपर्यंत मला वेळ दे. तोवर ग्रंथालयात काम मिळालं तर मी तिकडे जाईन. नाही मिळालं तर इकडे येईन, आणि पुन्हा कधी विषय काढणार नाही." मी असलं काही बोलले असते तर आठवड्यात विसरले असते. ती विसरणार नव्हती. काम नाही मिळालं, म्हणजे जन्मभर फरशा.

माझ्या लेकीने मामीसाठी नोकऱ्यांच्या साइटवर प्रोफाइल बनवून दिलं. त्यात 'उत्साही, गतिमान व्यक्तिमत्त्व' असं लिहिलं. वहिनी म्हणाली, "गतिमान काय, मी बस आहे का?" ते खोडून तिने लिहिलं, 'ग्रंथपाल. वाचकाला हवं ते शोधून देते.' मग जुन्या वर्गमैत्रिणी शोधल्या, ग्रंथपालांच्या ग्रुपांत शिरली, दिसेल तिथे अर्ज केला. उत्तरं यायची ती सगळी यंत्राने पाठवलेली: 'आपला अर्ज मिळाला.' आणि ही बाई त्या यंत्राला लिहायची, 'धन्यवाद, आपण वेळ काढून कळवलंत.' मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "वहिनी, तिकडे माणूस नाहीये." ती म्हणाली, "नसेल. आपलं आपण नीट वागावं."

आसपासच्या प्रत्येक ग्रंथालयाच्या फेसबुक पेजवर तिने विचारलं होतं, 'आपल्याकडे जागा निघणार आहे का?' आमच्या गावातल्या मोठ्या ग्रंथालयाच्या पेजवरही विचारलं. तिथे तर सगळाच शुकशुकाट. ती रोज जाऊन बघायची, आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं, आपलाच एकटीचा नाही, लोकांचे ढीगभर प्रश्न तिथे तसेच पडलेत. शनिवारी किती वाजेपर्यंत उघडं असतं? कार्ड हरवलं तर काय करायचं? आईला कमी दिसतं, मोठ्या अक्षरांची पुस्तकं आहेत का? एकालाही उत्तर नाही.

झालं. बाईसाहेब दुकान संपवून त्या ग्रंथालयात जाऊ लागल्या. वाचक म्हणूनच, कार्ड होतंच. फलक वाचायचे, काउंटरवर विचारायचं, कपाटं फिरून बघायची आणि घरी येऊन लिहायचं. 'मोठ्या अक्षरांची पुस्तकं आहेत, मागच्या खोलीत अगदी खालच्या खणात. आईंना वाकावं लागू नये म्हणून काउंटरवर सांगा, काढून देतात.' सोबत खणाचा फोटो. आणि प्रत्येक उत्तराखाली न चुकता, 'मी इथे नोकरीला नाही, वाचक आहे.'

दादा म्हणाला, "लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस." मला पहिल्यांदा दादाचं पटलं. स्वतःसाठी नोकरी शोधायची सोडून ही दुसऱ्याच्या काउंटरवर फुकट उभी. तिला तसं म्हटलंही. ती फोनवरून मान वर न करता म्हणाली, "वन्सं, मला हेच काम येतं. करायला मिळतंय ना?" मी शिवणयंत्रापाशी जाऊन बसले आणि मला रडू आलं, आता लपवायचं कशाला.

लोकांचं एक असतं. उत्तर वाचतात, खालची ओळ वाचत नाहीत. ते ग्रंथालयात जाऊन विचारायला लागले, "त्या ऑनलाइनवाल्या मॅडम कुठे बसतात?" तिथल्या कुणाला पत्ताच नाही. शेवटी एके दिवशी वहिनीला मेसेज आला. मुख्य ग्रंथपाल बाईंचा. 'आपण आमच्या पेजवर उत्तरं देत आहात असं कळलं. कृपया येऊन भेटावं.'

दादा म्हणाला, हात दाखवून अवलक्षण ते हेच. केस करतील. मी म्हटलं, "करू देत, मी येते बरोबर." भांडायचं असलं की मला भलताच उत्साह येतो.

ग्रंथपाल बाईंची खोली म्हणजे बांधणीला जायच्या फाटक्या पुस्तकांचे ढीग, आणि मधे एक दमलेली बाई. तिने विचारलं, "हे सगळं तुम्ही लिहिलंत?"

"हो," वहिनी म्हणाली. "चुकलं असेल तर काढून टाकते."

"एक चुकलंय. परत करायच्या पुस्तकांची पेटी मागच्या दाराला नाही, बाजूच्या दाराला आहे."

"आजच दुरुस्त करते."

मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्या बाईच हसल्या. म्हणाल्या, "मला तर तेही करता येत नाही. ज्याने पेज काढलं तो कारकून बदलून गेला. पासवर्ड त्याच्याकडे. आम्ही आमच्याच दाराबाहेर उभे आहोत." मग थांबून म्हणाल्या, "वाचक-काउंटरची एक जागा भरायची आहे. जाहिरात दारावर उद्या लागेल. मी शब्द देत नाही. मुलाखत सगळ्यांबरोबर द्यावी लागेल."

वहिनीचा जुना कोट मी उसवून पुन्हा शिवला, खांद्यात अगदी अंगासरसा. मुलाखतीला तरणी तरणी पोरं आली होती, गळ्यात हेडफोन. मी बाहेरच्या बाकावर. आत काय झालं ते तिने नंतर सांगितलं. तिघे जण होते. त्यातले एक विश्वस्त गृहस्थ अर्ज बघून म्हणाले, "शाळेतली नोकरी सुटल्यापासून काय करत होतात?"

"फरशा विकत होते."

ते हसले. "फरशांचा आणि पुस्तकांचा काय संबंध?"

वहिनी म्हणाली, "दोन्हीकडे माणूस नाव विसरतो आणि रंग सांगतो. 'ती निळसर होती बघा, मागच्या वेळी इथेच होती.' हसायचं नाही, निळसर काढून दाखवत राहायचं. पाचसहा दाखवल्या की त्याचं त्यालाच आठवतं."

मग म्हणे ते गृहस्थ हसायचे थांबले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी स्वतः लहानपणी वाचलेलं एक पुस्तक शोधायला सांगितलं, हिरवं होतं आणि त्यात एक बोट होती एवढंच आठवत होतं. मुलाखत लांबली. बाहेर माझा चहा गार झाला.

फोन आला तेव्हा वहिनी दुकानात एका जोडप्याला न्हाणीघराच्या फरशा दाखवत होती. नवं दुकान उघडायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. तिने ऐकलं, "येते" म्हणाली, फोन ठेवला आणि जोडप्याला उरलेल्या फरशा दाखवून पूर्ण केल्या. ते गेल्यावर दादाला म्हणाली, "मिळाली." तर दादा बाहेर जाऊन शेजारच्या रंगवाल्याला, पलीकडच्या नळवाल्याला, रस्त्यावरून जाणाऱ्यांनासुद्धा सांगत सुटला, "माझी बायको मोठ्या ग्रंथालयात लागली." जसं काही त्यानेच लावलं. नव्या दुकानात त्याने पगारी माणूस ठेवला, आणि त्याला नंबर लावायला वहिनीनेच शिकवलं.

पहिल्या दिवशी मी तिला बघायला गेले. काउंटरमागे बसली होती, कोट घालून, आणि माझी छाती अशी फुगली की विचारू नका. तिने तोवर त्या बदलून गेलेल्या कारकुनाला फेसबुकवरच शोधून काढलं होतं. पासवर्ड मिळाला होता. ग्रंथालयाच्या नावाने उत्तरं लिहायला तिने सगळ्यात जुन्या प्रश्नापासून सुरुवात केली होती. माझ्यासमोरच ती एका प्रश्नापाशी येऊन थांबली. 'आपल्याकडे जागा निघणार आहे का?' खाली तिचंच नाव.

मी म्हटलं, "सोड की, याचं उत्तर आता कुणाला हवंय?"

"विचारलंय ना," ती म्हणाली आणि टाईप करायला लागली. 'नमस्कार. उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. जागा निघाली होती. ती आपल्यालाच मिळाली आहे.'

तिच्या पिशवीतला फोन वाजला. पडद्यावर सूचना: 'ग्रंथालयाने आपल्या प्रश्नाला उत्तर दिलं आहे.' वहिनीने चष्मा लावला, ते उत्तर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि आपल्या फोनवरून लिहिलं, 'धन्यवाद, आपण वेळ काढून कळवलंत.'