डावी बाजू

टपालवालीची पिशवी कायम पुढ्यात, छातीशी धरलेली असायची. लोकांना वाटायचं, बाई पत्रं फार जपते. खरं म्हणजे तिचा डावा स्तन उजव्यापेक्षा बराच मोठा होता आणि ते झाकायला पिशवी बरी पडायची. पण झाकलं तरी वजन जात नव्हतं. संध्याकाळपर्यंत डावा खांदा ठणकायला लागायचा.

शेवटी ती सर्जनकडे गेली. नवराही सोबत आला. डॉक्टरांनी नीट समजावलं. डावी बाजू शस्त्रक्रियेने लहान करता येते, उजवीत सिलिकॉन बसवून ती मोठी करता येते किंवा दोन्हीकडे थोडं थोडं करता येतं. काहीच केलं नाही तरी चालतं.

"डावी लहान करा," ती म्हणाली. "खांदा तरी सुटेल."

"छे! असलेलं कापून कशाला टाकायचं?" नवऱ्याने टेबलावरचे सिलिकॉनचे नमुने उचलले. टोमॅटो निवडावेत तसा एकेक दाबून पाहिला. मग त्यातला सगळ्यात मोठा पुढे सरकवून त्याने डॉक्टरांना डोळा मारला. "हा बसवा. दोन्हीकडे. होऊ दे खर्च!"

डॉक्टरही हसले.

आजवर तिला स्वतःच्याच अंगाची किळस यायची. आता ती नवऱ्याच्या त्या दाबणाऱ्या बोटांची आली.

"अहो, ते खाली ठेवा आणि बाहेर जाऊन बसा."

"अगं, गंमत केली!"

"बाहेर."

तो गेला. तिने दार लावून घेतलं.

"डॉक्टर, तुमचं हसून झालं असेल तर सांगा, व्रण कुठे कुठे राहतात?"