ताईंचा बंद फोन

आमच्या ताईंचा फोन कायम बंद दिसतो. काच काळी ठिक्कर, आणि ताई तिच्यावरून बोट फिरवत बसलेल्या. ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांना दिसत नाही. फोनमधली एक बाई त्यांना पडद्यावरचं सगळं इअरफोनमध्ये वाचून दाखवते, त्यामुळे पडदा त्यांनीच बंद करून टाकलाय. मला त्याचा उपयोग नाही आणि दुसऱ्याने त्यात डोकावायचं कारण नाही, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा तो इअरफोन कानात घालून पाहिला. शिवणयंत्र भरधाव सुटावं तसा नुसता खडखडाट, एक अक्षर कळेल तर शपथ. ताईंना तोच वेग लागतो. त्यांचं कामच कानांचं आहे. कचेऱ्यांतल्या बैठकांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करून द्यायची. चार माणसं एकदम बोलली तरी त्या प्रत्येकाचं वाक्य वेगळं काढतात. मी समोरच्या एका माणसाचंही नीट ऐकत नाही, अशी आमच्या ह्यांची तक्रार आहे.

ताईंना कितीही वेग चालतो, पण एक गोष्ट चालत नाही. स्वतःबद्दलची बातमी सगळ्यांत शेवटी कळलेली. कॉलेजात असताना त्यांची दृष्टी जायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं की आता काही होणार नाही. वडिलांनी आईला सांगितलं, आईने धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना. ताईंना मात्र सगळे "होईल बरं" म्हणत राहिले. शेवटी शेजारच्या काकूंनी हळहळत त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा त्यांना कळलं. "घरातल्या भांड्यांनासुद्धा माहीत होतं गं, मला सोडून," असं त्या मला एकदाच म्हणाल्या. पुन्हा तो विषय नाही.

वडील गेल्यावर ताईंचे रिपोर्ट वाचायचं काम आमच्या ह्यांच्याकडे आलं. आणि हे बातमी चहासारखी गाळून देतात. साखर वाढली असेल तर "थोडं गोड कमी कर म्हणे", एवढंच. प्रेमाने करतात, त्यात वाद नाही. त्यामुळे भांडताही येत नाही.

यंदा ताईंच्या मानेत गाठ लागली. सरकारी दवाखान्यात तिच्यातला नमुना काढून तपासायला दिला आणि रिपोर्ट ॲपवर येईल असं सांगितलं. ताईंनी त्याच दिवशी ठरवलं, हा रिपोर्ट आधी मी ऐकणार. पण ते ॲप म्हणजे एक थोर प्रकरण होतं. बोट जिथे ठेवावं तिथे बाई म्हणायची "बटन". पुढे "बटन". कसलं बटन, ते देवाला ठाऊक. जुना रिपोर्ट उघडला तर "चित्र" म्हणून गप्प. कागदाचा फोटो टाकला होता, तो बाई वाचणार कशी?

ताईंनी मदत केंद्राला फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, घरात कोणी दिसणारं असेल तर त्यांच्याकडून वाचून घ्या ना.

"आहेत की," ताई म्हणाल्या. "तीच तर अडचण आहे."

मग त्या मुलीने तक्रार नीट लिहून घेतली. अशी तक्रार करणारे आणखीही बरेच असणार, कारण काही दिवसांनी ॲप नवं होऊन आलं. ताईंनी स्वयंपाकघरात येऊन मला इअरफोन दिला आणि मुद्दाम वेग कमी करून ऐकवलं: "माझे रिपोर्ट, बटन. वेळ घ्या, बटन." लॉटरी लागल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

रविवारी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. ताईंचा फोन मांडीवर किंचित थरथरला. बिनवायरचा इअरफोन केसांखाली कानातच होता. त्यांचं बोट काचेवर सरकलं, थांबलं, मागे आलं. तीच ओळ त्यांनी पुन्हा ऐकली. मग बोट खाली खाली गेलं आणि एका जागी दोनदा टेकलं. माझा घास हातातच राहिला. ताईंनी मान वर केली आणि मीठ मागितलं. आवाज नेहमीचाच.

यांचं लक्ष तेवढ्यात मांडीवरच्या काळ्या काचेकडे गेलं. पडदा मुद्दाम बंद असतो, हे यांच्या कधीच लक्षात राहत नाही. "अगं, बंद पडलाय हा. रिपोर्ट येणार कसा? आण, चार्जिंगला लावतो."

"लाव," ताई म्हणाल्या.

हे फोन लावून आले, वर चार्जरही खराब दिसतोय म्हणून कुरकुरले, आणि पुन्हा वाढून घेतलं. ताईंनी त्यांना आग्रहही केला. मी ताईंकडे बघत राहिले. एवढं मोठं काहीतरी आत घेऊन इतकं स्वस्थ बसता येतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. मला अक्षरशः त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

यांचे हात धुऊन झाल्यावर ताईंनी त्यांना शेजारी बसवलं.

"गाठ कॅन्सरची आहे. लहान आहे, लवकर सापडलीय. मोठ्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलंय. उद्याची वेळ मी घेतलीय."

यांनी विचारलं, कधी कळलं तुला?

"मीठ मागितलं त्याच्या आधी."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू जेवला नसतास."

यांचे डोळे भरून आले. ताईंचा हात धरून म्हणाले, "सगळं खरं सांगितलंस ना? काही गाळलं नाहीस ना, ताई?"

ताई हसल्या. मला फोन आणायला सांगितलं, स्वतःच्या कानातला इअरफोन काढला आणि चाचपत यांच्या कानात घातला. यांनी कपाळाला आठ्या घातल्या. काहीच कळत नाही म्हणाले.

"थांब," ताई म्हणाल्या, आणि त्या काळ्या काचेवर बोट फिरवून त्यांनी भावासाठी त्या बाईला सावकाश बोलायला लावलं.