नीलमोहराचे लाड

बागेच्या मुख्य वाटेवर नीलमोहराची बावीस झाडं आहेत. त्यांतली एकवीस दर उन्हाळ्यात जांभळी होऊन जायची. बाविसावं नुसती पानं काढायचं, आणि आमच्या माळीकाकांचा जीव नेमका त्याच्यावर.

काकांचा स्वभाव असा, की समोरचा ‘पोट भरलं’ म्हणाला की ते आणखी एक वाढणार. झाडालाही तोच न्याय. रोज सकाळी पाइप सोडून तासभर पाणी, महिन्याला पाटीभर शेणखत, वर “काय राजा, बरं आहे ना?” राजा धष्टपुष्ट, हिरवागार आणि फुलांच्या नावानं बोंब.

यंदा उद्यानाचे साहेब आले. म्हणाले, “काका, बारा वर्षं झाली. एवढा उन्हाळा बघू, नाहीतर काढू. बाक तरी बसेल तिथे.”

काका हादरले. त्यांनी खत दुप्पट केलं.

“अहो, उपाशी ठेवा त्याला जरा,” काकू म्हणाल्या. “लोळत खाणारा कधी कामाला लागलाय का?”

“पोरांना ठेवलं होतंस उपाशी?”

“तुम्हाला ठेवायला हवं होतं.”

तेवढ्यात खताची पाटी उचलताना काकांच्या कमरेत उसण भरली. दीड महिना अंथरूण. पाणी घालायची कामगिरी काकूंवर आली. त्या रोज सकाळी ऐटीत बागेत जात, तासभर मैत्रिणींशी गप्पा मारत आणि घरी येऊन सांगत, “झालं हो!” काय झालं, ते काकांनी विचारलं नाही, काकूंनी सांगितलं नाही.

काका काठी टेकत बागेत आले, तर बाविसाव्यावर पान दिसेना, इतकी फुलं! साहेब हजरच होते.

“काका, जिंकलात! झाड राहणार. फक्त आजवर जे केलंत, तेच चालू ठेवा.”

काकांनी डोळे पुसले. “अन्न अंगी लागायला वेळ लागतो, साहेब,” म्हणत पाइपाला हात घातला.

काकूंनी पाइपावर पाय दिला. “खबरदार! दीड महिना थेंब दिलेला नाही मी त्याला.”

साहेब घाईघाईनं दुसरी झाडं मोजू लागले. काकांनी पाइप खाली ठेवला. मग खोडावर हात ठेवून हळूच म्हणाले, “अरे राजा, बोलायचंस की रे एकदा!”

“मी बोलतच होते,” काकू म्हणाल्या.