पायपुसण्याची हजामत

मामांना चौकशीचं भारी वेड. सलूनच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या गळ्याभोवती कापड बांधलं, की त्याच्या घरात काय चाललंय हे काढून घेतल्याशिवाय त्यांची कात्रीच चालत नसे. अख्ख्या रस्त्याची खबर ठेवणाऱ्या या माणसाला समोरच्या फाटकाआड काय आहे, तेवढंच ठाऊक नव्हतं. फाटक कुत्र्यांच्या निवाऱ्याचं. त्यावर पाटी : शनिवार-रविवार, दोन ते चार. नेमकी त्याच वेळी मामांना पाणी प्यायलाही फुरसत नसायची. सोमवारी दुकान बंद, तर तिकडे हे भलंमोठं कुलूप!

"आठवड्यातून चार तास? काय थट्टा आहे का?" ते गिऱ्हाइकांना विचारत. गिऱ्हाइकं तरी काय सांगणार, कप्पाळ!

एका सोमवारी त्यांनी फाटकाच्या फटीला डोळा लावला. आतून एक जटांचा ढीग त्यांच्याकडे बघत होता. बघत होता हा आपला अंदाज, कारण त्याचे डोळे केसांत कुठे गडप झाले होते कुणास ठाऊक. मामांचे हात शिवशिवले.

"काही हरवलंय का?" मागून आवाज आला. निवाऱ्याच्या बाई होत्या. हातात किल्ल्यांचा जुडगा, अंगावर इस्पितळाच्या धोबीखान्याचा गणवेश.

"बाई, त्याचे केस कापू द्या मला. फुकट कापतो."

"पायपुसण्याचे? हेच नाव पडलंय त्याचं. तीन वर्षं झाली, कुणी ढुंकून बघत नाही त्याच्याकडे. विंचरायला गेलं की अंगावर येतं. महिनाअखेरीला कोंडवाड्याची गाडी नेणार त्याला. तिथून कुणी परत येत नाही."

"मग आत्ताच कापतो की!"

"आधी तीन शनिवार साफसफाई. मगच प्राण्याला हात लावायचा."

मामा भडकले. पण का, हे विचारल्याशिवाय राहवेना. बाईंनी कुलूप काढता काढता सांगून टाकलं. चाळीस कुत्र्यांचं त्या एकट्या बघायच्या, नोकरी सांभाळून, म्हणून वेळ एवढीच. मदतीला माणसं यायची, लळा लावायची, फोटो काढायची आणि गायब व्हायची. "मग कुत्री दोन-दोन दिवस फाटकाशी बसून राहतात. त्यांची समजूत कोण काढणार, तुम्ही?"

मामांनी बोटांवर मोजलं. महिन्यात तीनच शनिवार उरले होते.

तिन्ही शनिवारी ऐन गर्दीत दुकान बंद. "माणसांचा कंटाळा आला वाटतं!" बायको म्हणाली. मामा फरशी घासत आणि घासता घासता पायपुसण्याला निरखत. हे कधीच डाव्या कुशीवर का झोपत नाही? दुसऱ्या शनिवारी उलगडा झाला. त्या बाजूच्या जटा कातडीला ओढत होत्या. अरे, बिचारं रागीट कुठलं, दुखत होतं त्याला!

तिसऱ्या शनिवारी सफाई उरकून तीनला कात्री लागली. दुखऱ्या बाजूनं, एकेक जट, तोंडानं अखंड बडबड. पायपुसणं एकदा गुरगुरलं, मग ऐकत राहिलं. चार वाजले तेव्हा अर्धंच कुत्रं झालं होतं आणि बाईंची संध्याकाळची पाळी होती.

"उठा मामा, बंद करायचंय."

"अर्ध्यावर गिऱ्हाईक उठवलेलं नाही मी आजवर. आणि उद्याचा एकच दिवस आहे त्याच्याकडे!"

बाई घड्याळाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी जुडग्यातून एक किल्ली काढली. आजवर ती कुणाच्या हाती दिली नव्हती. "जाताना सगळ्यांना पाणी ठेवा," एवढंच म्हणाल्या आणि बस गाठायला पळाल्या.

रविवारी दोनला मामा किल्ली परत करायला गेले, तर पिंजऱ्यापुढे शाळेची बस चालवणारी एक बाई आणि तिचे म्हातारे वडील उभे होते. पायपुसण्याला चक्क दोन तपकिरी डोळे होते, आणि ते म्हाताऱ्याकडे टक लावून बघत होते. म्हाताऱ्याचा हात गजांतून आत गेला होता.

"हा कालच आलाय का हो?" मुलीनं विचारलं. "आम्ही दर महिन्याला येतो. हा कधी दिसला नाही."

निवाऱ्याच्या बाईंनी डोळे पुसले. मामांच्याही डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"इथंच होता हो," ते म्हणाले. "तीन वर्षं."

म्हाताऱ्यानं हात बाहेर काढला नाही. "मग आणखी कशाला थांबवायचं त्याला?" तो म्हणाला. "फॉर्म आणा."