उज्वलाने न ठेवलेले कागद

म्हसरूळच्या आमच्या आळीत कोणी गावाला निघालं की उज्वलाला बोलावणं जायचं. मुलाखतीला निघालेला मुलगा असो की लग्नाला निघालेलं अख्खं घर, ती संध्याकाळी कामावरून आली की हात धुवायची, पदराला न पुसता कोरड्या फडक्याला पुसायची आणि आधी विचारायची, कपडे इस्त्री होऊन गार झालेत ना? गरम घडी बॅगेत घातली की वाकडी बसते आणि तशीच राहते, असं तिचं म्हणणं.

ती माझ्याकडे चौथीला होती. गणित बेताचं, अक्षर बरं, पण वर्ष संपलं तरी तिच्या पुस्तकांचे कोपरे दुमडलेले नसायचे. पुढे लग्न गावातच झालं. नवरा कारखान्यावर रखवालदार, मुलगी आता मालेगावला दिलेली. एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. माझ्या बॅगा मात्र तीच भरायची.

बॅग भरायला ती द्राक्षांकडून शिकली. दिंडोरी रस्त्याला बागायतदार शेखरचं पॅकहाउस आहे, निर्यातीची द्राक्षं पेट्यांत भरायची जागा; तिथे ती सतरा हंगाम उभी राहिली. परदेशी जाणारा घड देठाला धरायचा, मण्यांना बोट लावायचं नाही, कारण त्यांच्यावरची पांढरी लव एकदा पुसली की परत येत नाही. पेटीत घड हलता कामा नये आणि दबताही कामा नये. हेच तिने कपड्यांना लावलं. पँट सगळ्यात आधी, पाय बॅगेबाहेर लोंबते ठेवून. त्यावर बाकीचे कपडे, आणि मग ते पाय आत वळवायचे, म्हणजे करकरीत मोड पडत नाही. शर्टाच्या कॉलरमध्ये मोज्यांची गुंडाळी. साडीची जुनी घडी उलगडून वेगळ्या जागी नवी, आणि तिच्या पोटात परकराची सैल वळकटी. मधे मधे पेटीतला पातळ साधा कागद. शेवटी बॅग उभी करून हलवायची आणि कान लावायचा. आत काही सरकलं तर पुन्हा सगळं बाहेर.

पॅकहाउसमध्ये तिचा मान होता. पेठ-सुरगाण्याहून हंगामाला जीपने येणाऱ्या मुलींना पहिले आठ दिवस तिच्याच शेजारी उभं करत. पण हंगाम साडेतीन महिन्यांचा. उरलेलं वर्ष कधी टोमॅटो, कधी कांदा, कधी नुसतं घर. म्हणून जुनी सुपरवायझर नोकरी सोडून सासरी जायची ठरली, तेव्हा उज्वलाने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. ती शेखरला म्हणाली, दादा, मला त्या जागेवर घ्या. बारा महिन्यांचं काम होतं, आणि सारखं उभं राहायचं नव्हतं. तिच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या. संध्याकाळी घरी ती पाय भिंतीला वर लावून पडायची. शेखर म्हणाला, हॉलंडहून आलो की करू. तू सोडून दुसरं आहे कोण?

दिवाळीनंतर शेखर आणि त्याची बायको सुवर्णा, द्राक्षं घेणाऱ्या व्यापाऱ्यांना भेटायला नऊ दिवस हॉलंडला निघाले. बॅगा भरायला अर्थातच उज्वला गेली. त्यांचा बंगला पॅकहाउसच्या मागेच आहे. शेखरचे दोन सूट, सात शर्ट, सुवर्णाच्या सहा साड्या, आणि त्यांत सासूची, रंगूबाईंची, वांगी रंगाची येवल्याची पैठणी. तिथे एका जेवणाला सुवर्णाला ती नेसायची होती. रंगूबाईंनी ती दोन दिवस विचार करून दिली होती आणि देताना म्हणाल्या होत्या, "जशी नेतीस तशी आण."

सुवर्णा वाईट नाही. नाशिकची शिकलेली मुलगी, पण रंगूबाईंच्या पावलांचा आवाज आला तरी हातातलं काम सोडून उभी राहणारी. त्या पैठणीची तिला धास्ती होती. तिथे पाऊस, दमट हवा, साडीला बुरशी आली तर? म्हणून तिने पॅकहाउसमधून सल्फर पेपरचा गठ्ठा आणला. हा कागद परदेशी जाणाऱ्या द्राक्षांच्या पेटीत वरून एकच, सपाट ठेवतात. ओल लागली की त्यातून गंधकाचा वायू सुटतो आणि द्राक्षांना बुरशी धरत नाही.

उज्वलाने तो तिला बॅगेत घालू दिला नाही. म्हणाली, "नको वहिनी. याने रंग उडतो. जादा झाला तर मण्यांवरसुद्धा पांढरे डाग पडतात, साडीचं काय घेऊन बसलात?"

सुवर्णा बरं म्हणाली. गठ्ठा पलंगाच्या कडेला राहिला. उज्वलाने बॅगा भरल्या, उभ्या करून हलवल्या आणि अंधार पडायच्या आत घरी आली.

पुढचं सुवर्णाने एकटीने केलं. प्रत्येक साडीत एक एक सल्फर पेपर घातला, पैठणीत दोन. आणि नेसताना केसांत माळायला म्हणून ओल्या रुमालात गुंडाळलेला गजरा त्याच बॅगेत ठेवला. तिथे पोचल्यावर पहिले तीन दिवस बॅग उघडलीच नाही. चौथ्या दिवशी उघडली तेव्हा फटाके उडवल्यासारखा वास आला. पैठणीच्या वांगी रंगावर तळहाताएवढे फिकट पट्टे उमटले होते आणि पदराची जर काळवंडली होती. साडीला सुरकुती मात्र एकही नव्हती, हे मला खुद्द शेखरने सांगितलं.

परत आल्यावर रंगूबाईंनी पैठणी ओसरीवर उलगडली. सुवर्णा म्हणाली, बॅग उज्वलाने भरली होती. एवढंच म्हणाली, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

शेखरने उज्वलाला आईपुढे जायच्या आधी पॅकहाउसच्या फाटकापाशी गाठलं. ते कागद त्याच्या हातात होते. उज्वलाने एक घेतला आणि त्याच्यासमोर धरला. कागद दुमडून चार घड्या केलेला होता. "दादा, याला घडी घालतात का? पहिल्या दिवशीची पोरगी तरी घालील?" शेखर द्राक्षातच वाढलेला माणूस. त्याने कागद परत घेतला आणि खिशात टाकला.

"मला माहितीये," तो म्हणाला. "तू नाही ठेवलेस. पण आईपुढे तू हो म्हण. तुला ती चार दिवस बोलेल आणि विसरेल. सुवर्णाला जन्मभर ऐकवेल. तुझ्या कामाचं मी बघतो, ते पक्कं धर."

उज्वलाने मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बहुतेक मीही हो म्हण, असंच सांगितलं असतं. सुवर्णाची तिला दया आली, हेही खरं. पण दयेपेक्षा ती जागा मोठी होती. ती फाटकापासून ओसरीपर्यंत गेली आणि म्हणाली, "मोठ्या आई, मीच ठेवले. चुकलं माझं."

रंगूबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी तिला उभंच ठेवलं.

"सतरा वर्सं माझ्या पोराची द्राक्षं भरतीस, अन् एवढं कळत नाय तुला?" त्या म्हणाल्या. "मंग आत्तापोतर जो माल परत आला त्यो बी तुझ्याच हातचा असंल." मग पैठणीचा फिकट पट्टा बोटाने चाचपत त्यांनी विचारलं, "काय करू हिचं? तुझ्या पोरीला धाडू का मालेगावला? चालंल तिला डागाची?"

सुवर्णा दारात उभी होती. तिने चहा आणला होता, रंगूबाईंसाठी आणि शेखरसाठी. उज्वलाने तिच्याकडे एकदा पाहिलं. सुवर्णाने चहा ठेवला आणि ती आत गेली.

चार दिवसांत विसरणं रंगूबाईंच्या स्वभावात नाही. त्यांनी ते भजनात सांगितलं, लग्नांत सांगितलं, दळणाच्या गिरणीत सांगितलं. आळीतली बोलावणी थांबली. माझी धाकटी सून पुण्याला लग्नाला निघाली तेव्हा म्हणाली, राहू द्या आई, चांगल्या साड्या आहेत, माझी मीच भरते. मला खरी गोष्ट माहीत होती, तरी मी गप्प बसले. उज्वलाने कोणाला सांगू नका म्हणून शपथ घातली होती, हे माझं कारण. पण संध्याकाळी ती रस्त्याने गेली तेव्हा मी खिडकीत उभी होते आणि तिला हाक मारली नाही, याला कारण नाही.

डिसेंबरच्या शेवटी ती शेखरकडे गेली. तो बागेत फवारणीच्या ट्रॅक्टरपाशी होता. जागेचं नाव काढल्यावर तो बराच वेळ नळीचं तोंड साफ करत राहिला. मग म्हणाला की त्याच्या मनात होतं, पण आता कठीण आहे. बाहेरच्या देशाचे तपासणीवाले येतात, ते सुपरवायझरला सल्फर पेपरबद्दल प्रश्न विचारतात. आणि तिची ती गोष्ट तर आता सगळ्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे.

"दादा, मी ठेवले नव्हते," उज्वला म्हणाली.

"तू सगळ्यांसमोर कबूल केलंस ना पण," तो म्हणाला. "ज्या बाईला पेपर कुठे ठेवायचा कळत नाही, तिला मी लाइनवर सुपरवायझर कशी नेमू? मलाही कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं."

शेखरला मी लहानपणापासून ओळखते, आणि त्याने तिला ठरवून फसवलं असं मला वाटत नाही. फाटकापाशी तो बोलला ते त्या क्षणी त्याला खरं वाटत होतं. पण आई रोज तेच सांगत राहिली, लोक तेच विचारत राहिले, आणि बायकोने एकदाही वेगळं म्हटलं नाही. दीड महिन्यात त्यालाही ती चूक उज्वलाचीच वाटायला लागली. तसं वाटणं त्याला सोयीचं होतं. हाताखाली हंगामी बाई म्हणून मात्र तो तिला ठेवायला तयार होता. तिच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नाही, हे त्याने मोकळेपणाने सांगितलं.

जानेवारीत हंगाम सुरू झाला. सुपरवायझर म्हणून निकिता नावाची मुलगी आली. वय तेवीस, कृषी पदविका झालेली, कामसू आणि बोलायला गोड. तिला मागचं कुणी नीट सांगितलं नव्हतं. पहिल्या सकाळी तिने चाळीस बायकांना गोल उभं केलं आणि सल्फर पेपर हातात धरून समजावलं, की हा घडांच्या वर, एकच, सपाट ठेवायचा, आणि दुसरीकडे कुठेही वापरायचा नाही. "मागे इथल्याच एका बाईंनी हा साड्यांच्या बॅगेत ठेवला होता. हजारोंची पैठणी गेली. हसू नका, न शिकलेल्या माणसाकडून होतं असं. म्हणून मी सांगतेय."

पेठच्या दोन मुली तोंडाला हात लावून हसल्या. त्यांना पेटी भरायला उज्वलानेच शिकवलं होतं. बाकीच्या बायका टेबलाकडे बघत राहिल्या. उज्वला सगळ्यात पुढे उभी होती, म्हणून निकिताने कागद तिच्याच हातात दिला.

"मावशी, तुम्ही दाखवा बरं करून."

उज्वलाने पेटी ओढली. घड देठाला धरून एक एक ठेवले, मोकळी जागा छोट्या घडाने भरली, पेटी किंचित हलवून पाहिली आणि कागद वरून सपाट ठेवला. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

"शाबास," निकिता म्हणाली, आणि बाकीच्यांकडे वळली. "बघा, मावशींना एकदा सांगितलं आणि लगेच जमलं."

उज्वला म्हणाली, "हो मॅडम." पेटी वजनकाट्यावर सरकवून तिने दुसरी ओढली.